केस, कार्तिकस्वामी आणि मला न झालेला मूतखडा

माझ्या बायकोने देवाला केस दिले नव्हते. मला मूतखडा कधीच झाला नव्हता. ही दोन वाक्यं लिहायला मला तीस वर्षं लागली.

आमच्या नात्यात साताऱ्यापासून पुण्यापर्यंत एक गोष्ट सांगितली जाते. लग्न होऊन आलेल्या नव्या सुनांना तर ती हमखास ऐकवतात. दिल्लीच्या काकूंचे कंबरेपर्यंत केस होते, काकांना जीवघेणा मूतखडा झाला, काकूंनी एका कडक देवाला नवस बोलून सगळे केस देऊन टाकले, आणि काका वाचले. सुना माझ्याकडे बघतात. मी छताकडे बघतो. गोष्टीतला काका मी, आणि गोष्ट रचणाराही मीच. बायकोने केस कापले ते तिला कापायचे होते म्हणून. एवढं साधं कारण मी तिच्याकडून काढून घेतलं आणि परत दिलं नाही. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. द्यायचं असेल तर आताच दिलं पाहिजे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. पहिला मजला, दोन खोल्या, मागे कपडे वाळत घालायची बाल्कनी. मी एका मंत्रालयाच्या आस्थापना विभागात होतो. टेंपररी लोकांना परमनंट करण्याच्या फायली पुढे सरकवणं हेच माझं काम. आमच्या विभागात ‘परमनंट’ हा शब्द देवळात बोलावं तसा हळू आवाजात बोलला जायचा. टेंपररी आणि परमनंट यांच्यामध्ये क्वासी-परमनंट नावाची एक जातही असायची. त्या पायरीवर लोकांची लग्नं होत, मुलं होत, केस पांढरे होत.

बायकोला अडतिसाव्या वर्षी पहिली नोकरी मिळाली. मुलगी पाचवीत गेली होती आणि देशात परदेशी कंपन्या यायला लागल्या होत्या. त्यातल्या एकीने गुडगावात ऑफिस थाटलं. तेव्हाचं गुडगाव म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला सरसोंचं शेत आणि दुसऱ्या बाजूला निळ्या काचेची इमारत. मधून म्हशी चाललेल्या. त्या काचेमागे ही रिसेप्शनवर बसायची. सहा महिने प्रोबेशन. सकाळी सव्वाआठला सेक्टरच्या वळणावर ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस यायची.

माझ्या आईला साताऱ्यात हे फारसं रुचलं नव्हतं. नोकरीला तिचा विरोध नव्हता, टेंपररीला होता. “टेंपरवारी म्हणजे काय रे? पाहुणीसारखं जायचं नि पाहुणीसारखं यायचं,” ती म्हणायची. “परमनंट होऊ दे पोरगी. माझं सोन्याचं अंबाड्याचं फूल तिला घालीन.” हे फूल आईला तिच्या सासूने दिलं होतं. सुना दोन, फूल एक. मोठ्या वहिनींचा डोळा त्यावर होता आणि आईने ते माझ्या बायकोला तिच्या नोकरीसाठी कबूल केलं होतं. ही गोष्ट बायकोने मनात फार जपून ठेवली होती, असं मला पुढे कळलं.

त्या चार्टर्ड बसमध्ये केसांचं चालतं-बोलतं प्रदर्शन असायचं. बायको रोज संध्याकाळी त्याचा वृत्तांत द्यायची. अमकीने स्टेप कट केला, तमकीने यू कट. एकजण समोरचे केस उलटे विंचरून, फुगवून, त्यावर स्प्रे मारून असा पफ काढायची की बसच्या दारातून वाकून शिरायची. सलवार-सूटच्या रंगाचे झालरवाले रबर बँड, केळ्याच्या आकाराचे क्लिप. आणि अकाउंट्समधल्या एकीचे केस कुरळे करून घेतलेले, खांद्यापर्यंत, लाटांवर लाटा. मी हे सगळं रेडिओवरचे बाजारभाव ऐकावेत तसं ऐकायचो. हिचा स्वतःचा अंबाडा घालायला रोज पंचवीस मिनिटं जायची, न्हायच्या दिवशी तासभर. मान दुखायची. पण ते केस म्हणजे आमच्या घराण्याची मालमत्ता असल्यासारखे होते. लग्न ठरवताना आईने मोजून बघितले होते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक पंजाबी शेजारीण पार्लर चालवायची. सरकारी क्वार्टरमध्ये धंदा करायला बंदी, म्हणून पाटी नव्हती. दोरीवर गुलाबी टॉवेल वाळत असले की पार्लर उघडं, पांढऱ्या चादरी असल्या की बंद. तिच्याकडे प्लास्टिकच्या कव्हरात घातलेला एक तक्ता होता. त्यावर वीस परदेशी बायकांची डोकी होती, प्रत्येकीला नंबर. बायका आत शिरून भाजी मागावी तशा म्हणायच्या, “दीदी, सात नंबर.”

एका सकाळी मी दाढी करत होतो, नळ सोडलेला. बायको चपला घालता घालता मोठ्याने म्हणाली, “अहो, आज माझं परमनंट होणार. साहेबांनी हाफ डे मंजूर केलाय.”

नळाच्या आवाजात मला ‘परमनंट’, ‘साहेबांनी’ आणि ‘मंजूर’ एवढंच ऐकू आलं. ज्या माणसाने आयुष्यभर हे तीन शब्द एकाच कागदावर बघितले आहेत, त्याने दुसरं काय समजावं?

“अरे वा! बिल्कुल करून घे,” मी साबण लावलेल्या तोंडाने ओरडलो.

तिने जिन्यातून वळून पाहिलं. तिचा चेहरा इतका उजळला होता! नवऱ्याने एका झटक्यात परवानगी दिली असं तिला वाटलं.

दुपारी मी विभागात पेढे वाटले. सहा महिने व्हायच्या आत, मधल्या पायरीवर एक दिवसही न थांबता सरळ परमनंट. आमच्या लोकांनी खासगी क्षेत्राला मनोमन नमस्कार केला. सेक्शन ऑफिसर म्हणाले, “भाईसाब, प्राइवेट वालों ने तो कमाल कर दिया.” मग मी खालच्या एसटीडी बूथवरून साताऱ्याला शेजाऱ्यांकडे फोन लावला, आईला बोलावून घेतलं आणि सांगितलं, “आई, ती परमनंट झाली.”

आई लगेच म्हणाली, “मी येते. फूल घेऊन येते.”

उरलेले पेढे घेऊन मी घरी आलो. दार बायकोने उघडलं. म्हणजे साडी तिची होती, हसणं तिचं होतं. मध्ये डोकं कुणा दुसऱ्याचं होतं. कंबरेपर्यंतचे केस खांद्यावर आले होते आणि प्रत्येक केसाने स्वतंत्र वळण घ्यायचं ठरवलेलं दिसत होतं. घरात अमोनियाचा वास सुटला होता. आमच्या ऑफिसात नकाशांच्या निळ्या प्रती काढायच्या खोलीत यायचा अगदी तसा.

“हे काय?” मी विचारलं.

“परमनंट. केस कायमचे कुरळे करतात ते. सकाळी सांगितलं ना! तक्त्यावरचा अकरा नंबर.”

“हे परमनंट?”

“हो. सहा महिने टिकतं.”

“सहा महिने टिकतं त्याला परमनंट कसं म्हणतात? हे तर टेंपररी झालं!”

तिने माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा बघितला. “हे कशाचे?” मी सांगितलं. ती दारातच खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मुलगी आतून धावत आली, तिला सांगितलं, मग त्या दोघी हसल्या. मग मी साताऱ्याच्या फोनचं सांगितलं. हसणं थांबलं.

“उद्याच्या उद्या आईंना फोन करा,” बायको म्हणाली. “सांगा, ऐकण्यात चूक झाली. नोकरी अजून टेंपररी आहे. आणि केस कापलेत हेही सांगून टाका. रागावतील, रागावू देत. समोरासमोर धक्का नको.”

“करतो,” मी म्हणालो.

मी केला नाही. दुसऱ्या दिवशी बूथवर रांग होती. तिसऱ्या दिवशी रांग नव्हती, तरी केला नाही. बायकोने विचारलं तेव्हा म्हणालो, “झालं बोलणं.” पहिलं खोटं हे. पुढची सगळी त्याची पिलावळ.

बाराव्या दिवशी आई निजामुद्दीनला उतरली. कमरेच्या पिशवीत फूल, हातात लाडवांचा डबा. मी तिला ऑटोत बसवलं. सगळा रस्ता ती एकच बोलत होती. “तिच्या अंबाड्यावर कसं शोभेल रे! थोरलीचे केस कसले, उंदराचं शेपूट. फूल घसरून पडेल. धाकटीचा अंबाडा म्हणजे अंबाडा.”

आमचा सेक्टर जवळ आला. एका वाक्याचं काम होतं: आई, तिने केस कापलेत. पण आईचा हात त्या पिशवीवर होता.

“आई,” मी म्हणालो, “तिने केस दिले.”

“दिले? कुणाला दिले?”

“देवाला.”

“कुठल्या देवाला?”

मी बाहेर बघितलं. समोर टेकडी होती, टेकडीवर दाक्षिणात्यांचं देऊळ. “त्या,” मी बोट दाखवलं.

“कुठला देव आहे तो?”

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शेजारी राहून मी कधी वर चढलो नव्हतो. ऑटोवाल्याने ‘देव’ हा शब्द आणि माझं बोट एवढ्यावरून विषय ओळखला आणि मान वळवून अदबीने म्हणाला, “माताजी, कार्तिकेय भगवान का मंदिर है. बहुत मान्यता है.”

आईने माझा दंड धरला. “कार्तिकस्वामी?”

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडच्या जुन्या बायकांची अशी पक्की समजूत होती की सवाष्णीने कार्तिकस्वामीचं दर्शन घेऊ नये. वर्षातला एक ठरावीक योग सोडून घेतलं, तर सात जन्म वैधव्य. दाक्षिणात्य बायका त्याच देवाला नटूनथटून जातात, हे आईच्या गावीही नव्हतं. सगळ्या दिल्लीत हनुमानापासून साईबाबांपर्यंत इतके देव असताना मी बोट दाखवलं ते नेमकं त्याच्याकडे.

“अरे, सवाष्ण बाई ती! दर्शन घेतलं तिने?”

“नाही, नाही! दर्शन कुठे घेतलं? पाठमोरी उभी राहिली.”

“पाठमोरी?”

“केस मागेच असतात ना आई. ते परस्पर देवाकडे गेले. हिने बघितलंच नाही.”

ऑटोवाल्याला मराठी येत नव्हतं, ही त्या दिवशी माझ्यावर झालेली एकमेव कृपा. आईने यावर विचार केला. धर्मदृष्ट्या तिला यात फट सापडली नाही.

“पण कशासाठी? एवढं काय अडलं होतं?”

“माझ्यासाठी.”

“तुला काय झालंय?”

आदल्या आठवड्यात आमच्या सेक्शन ऑफिसरना कळा येऊन दवाखान्यात नेलं होतं. मला तेवढंच सुचलं. “मूतखडा,” मी म्हणालो.

आईने पदर डोळ्यांना लावला.

दारात बायको उभी होती, कुरळे केस मोकळे, कपाळाला कुंकू. माझं आईला सगळं सांगून झालंय अशी तिची समजूत. रागाची तयारी ठेवून ती नमस्काराला वाकली. आईने तिला मध्येच उचललं, मिठी मारली आणि केसांवरून हात फिरवत रडायला लागली.

“केवढं केलंस गं पोरी!”

बायकोला वाटलं, सासूला केस आवडले. ती इतकी खूश झाली की मला अजून ते आठवून मान खाली घालावीशी वाटते. “काही नाही हो आई,” ती म्हणाली. “दोन तास लागले फक्त.”

“दोन तास उभी होतीस?”

“छे! खुर्ची होती की.”

“देवळात खुर्ची?”

“आई, आधी पाणी घे,” मी म्हणालो.

“आणि हे कुरळे कसे गं आले?”

बायकोने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, “दिल्यावर नवे येतात ते असेच येतात.” बारा दिवसांत खांद्यापर्यंत कसे आले, हे आईने विचारलं नाही. देवाचं काम, त्याला वेग असणारच. “खरंय,” ती म्हणाली, “तुझं जावळ काढलं तेव्हा तुलाही कुरळेच आले होते.”

एवढ्यात मुलीने विचारलं, “आजी, तू का रडतेस?”

“अगं, त्याला मूतखडा नाही का झाला!”

“मूतखडा क्या होता है?” दिल्लीत वाढलेली पोर; हा शब्द तिने ऐकलाच नव्हता. आईने संशयाने माझ्याकडे पाहिलं. घरात आजार आणि लेकीला नाव माहीत नाही? “तिच्यासमोर आम्ही बोलत नाही,” मी म्हणालो. आईला माझं आणखी कौतुक वाटलं.

बायको सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. तिने दार लोटलं आणि म्हणाली, “बोला.” मी सगळं सांगितलं; ऑटो, टेकडी, पाठ. पाठीपाशी तिला एकदा हसू फुटलं, ते तिने दाबलं. मग तिने गॅसकडे तोंड फिरवलं.

“अहो, मी आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट नुसती मला हवी म्हणून केली,” ती म्हणाली. “कुणी सांगितली नव्हती, कुणासाठी नव्हती. ती तुम्ही कार्तिकस्वामीला देऊन टाकलीत?”

“आई चार दिवस आहे. ती गेली की पत्र लिहून सगळं सांगतो. शपथ.”

“चार दिवस,” ती म्हणाली. “मोजून.”

पहिल्याच सकाळी आईने माझ्यासमोर कुळथाचं कढण ठेवलं. मूतखड्यावर उत्तम. टोमॅटो बंद, पालक बंद, वांगं बंद. बायकोने ते सगळं मुद्दाम रोज केलं, रोज समोर वाढून घेतलं, आणि माझ्याकडे बघून सावकाश खाल्लं. तक्रार करायला मला जागा नव्हती.

निघायच्या दिवशी आईने फूल पिशवीतून काढलं. हातात धरून बघत बसली. मग म्हणाली, “तुला आता हे कशाला गं? तू दागिन्यांच्या पलीकडे गेलीस.” फूल पिशवीत परत गेलं. ते थोरल्या वहिनींना मिळालं. नोकरीबद्दल तर आईने त्या चार दिवसांत एक शब्दही विचारला नव्हता. नवऱ्याचा जीव वाचवणाऱ्या बाईला कोण विचारणार, तू परमनंट आहेस की टेंपरवारी?

बायको स्टेशनवरून परत येताना ऑटोत म्हणाली, “मला सोनं नको होतं. पण ते माझ्या कामासाठी होतं.”

पत्र मी लिहायला घेतलं होतं. तेवढ्यात साताऱ्याहून आईचंच पत्र आलं. तिने भजनी मंडळात सांगितलं होतं, मंडळाने पेठेत सांगितलं होतं. लोक घरी येऊन आईला नमस्कार करून जात होते. आईचं अक्षर आनंदाने वाकडं आलं होतं. मी माझं पत्र फाडलं.

तीन महिन्यांनी बायको खरोखर परमनंट झाली. कागद घेऊन आली आणि टेबलावर माझ्यासमोर ठेवला. मी म्हणालो, “छान.” आणि पेढे आणले नाहीत. विभागात एकदा वाटून झाले होते. परत वाटले असते तर आधीचे कशाचे, हे सांगावं लागलं असतं. मूतखड्याबद्दल लोक मला क्षमा करतील. या न आणलेल्या पेढ्यांबद्दल मीच मला केलेली नाही.

पुढे प्रकार असा झाला की माझ्या मूतखड्याचा इतिहास म्हणजे त्या काळातल्या केशरचनांचाच इतिहास झाला. परमनंट सहा महिन्यांनी उतरलं आणि हिने स्टेप कट केला. दिवाळीला साताऱ्याला गेलो तर आई म्हणाली, “पुन्हा दिलेस?” मला पुन्हा खडा, या वेळी डावीकडे. ब्लंट कट केला त्या वर्षी उजवीकडे. आम्ही दिल्ली सोडून नोएडात एका नव्या सोसायटीत फ्लॅट घेतला. हप्ते अर्ध्याहून जास्त हिच्या पगारातून जायचे. तिथे लिफ्ट होती, पाणी नव्हतं, आणि खाली काचेचं दार असलेलं सलून होतं जिथे बायका आणि पुरुष एकाच रांगेत बसायचे. तिथे हिने बॉय कट केला. मुलासारखे आखूड, कानावर. तो बघितल्यावर मला थेट ऑपरेशनच सांगावं लागलं. एका लग्नात एक दूरचे भाऊजी, धंद्याने डॉक्टर, मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “टाका दाखवा.” मी पोटावर हात धरून जेवणाच्या पंक्तीत पळालो आणि तिथे मला वेगळं, बिनटोमॅटोचं सार वाढण्यात आलं.

बायको या सगळ्यात खोटं एकदाही बोलली नाही. कुणी पाया पडायला लागलं की म्हणायची, “अहो, मी काही केलं नाही. मला आवडलं म्हणून कापले.” लोक एकमेकांकडे बघून म्हणायचे, “किती नम्र!” ती जितकं खरं बोलायची तितकी तिची थोरवी वाढायची. एकदा परतीच्या गाडीत ती म्हणाली, “खरं बोलून मी दमले. आता तुम्ही एकदा बोलून बघा ना.” मी खिडकीबाहेर बघत बसलो.

आई गेली ती हे सगळं खरं मानून गेली. तिला मनातून कळलं असेल, असं म्हणून सुटका करून घेता आली असती. पण नाही, तिला काहीही कळलं नव्हतं. शेवटच्या आजारपणातही ती हिच्या तेव्हाच्या खांद्यापर्यंतच्या, लाल छटा लावलेल्या केसांवर हात ठेवून म्हणाली, “आता पुरे. याच्यासाठी आणखी देऊ नकोस.” हिने माझ्याकडे बघितलं. तो शेवटचा क्षण होता, आणि मी तोही घालवला.

गेल्या महिन्यात पुण्याहून चुलतभावाचा फोन आला. आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे आणि तो तिचा संपादक आहे. मजकूर तपासायला पाठवला. प्रत्येकाला जन्म, शिक्षण, नोकरी असे रकाने, आणि शेवटी ‘विशेष’. हिच्या नोंदीत नोकरीचा रकाना कोरा होता. ‘विशेष’मध्ये लिहिलं होतं: ‘पतीच्या दीर्घ दुखण्यात कार्तिकस्वामीस केशदान. आदर्श पत्नी.’

हिने चष्मा लावून वाचलं, कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “तीस वर्षं बोलण्यात होतं तोवर ठीक होतं. आता छापतायत.” आवाज चढवला नाही. “मी गेल्यावर माझ्याबद्दल एवढंच उरणार का हो?”

मी फोन उचलला. तिच्यासमोर, स्पीकर लावून.

“दादा, पाठवलेलं मिळालं का?” चुलतभाऊ म्हणाला.

“मिळालं. त्यातलं खोटं आहे ते काढायचंय.” आणि मी सगळं सांगितलं. नळापासून. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तो म्हणाला, “म्हणजे खडा..?”

“एकही नाही. डावा नाही, उजवा नाही.”

“आणि आम्ही तुला सगळ्या लग्नांत टोमॅटो...”

“नाही दिलात. माझी शिक्षा म्हणून धर.”

“बरं. मग वहिनींनी केस कापले का? नोकरीत सांगितलं होतं का?”

“नाही.”

“गळत होते?”

“नाही रे. तिला हवे होते म्हणून.”

“दादा, पण ते ‘विशेष’ कसं होईल?” तो खरोखर अडचणीत आला होता.

बायकोने फोन जवळ ओढला. बोलली ती रिसेप्शनवरच्या आवाजात. तो आवाज अजून तसाच आहे, समोरच्याला लिहून घ्यावंच लागतं. “भाऊजी, लिहा. नोकरी, गुडगाव, एकवीस वर्षं. कायम. पुढे, केस स्वतःच्या आवडीने कापले. झालं. आणि यांच्या ‘विशेष’मध्ये लिहा, प्रकृती उत्तम.”

चार दिवसांनी दुरुस्त मजकूर आला. भाऊ मनाने चांगला आहे. झालेल्या अन्यायाची भरपाई म्हणून त्याने पदरचं थोडं घातलं होतं: ‘स्वतःच्या आवडीने केस कापणारी कुळातील पहिली स्त्री.’

मला ते फार आवडलं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. हिने पेन मागितलं आणि ‘कुळातील पहिली’ हे दोन शब्द खोडले.

“का गं? गौरवच आहे की.”

“त्यांना काय माहीत?” ती म्हणाली. “बाकीच्यांच्याही नवऱ्यांनी घरी काहीतरी दुसरंच सांगितलं असेल.”